श्रीमंतांचा तीर्थवास

उतारवयात कोठे राहावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. शक्य असेल तर काशी, ते न जमल्यास गोदातीर किंवा कृष्णाकाठ, आणि काहीच न जमले तर निदान गावातल्या नदीकाठचे एखादे देऊळ. उत्तर इतके ठरीव आहे की प्रश्न कधी मुळातून विचारला गेला होता, याचाच विसर पडावा. ‘म्हातारपणी श्रीमंत काशीस जाऊन राहिले’ असे एखाद्या बखरीत किंवा चरित्रात आले की आपण ते वाक्य ओलांडून पुढे जातो. पण जाऊन राहिले म्हणजे काय झाले? कोणी ठरवले, कोणते पर्याय समोर होते, कशाचा विचार झाला आणि कशाचा झाला नाही? १७६० ते १८५७ या शतकभरात मराठी सत्तेच्या वरच्या वर्तुळातील अनेक स्त्रीपुरुषांना सत्तेवाचूनचे आयुष्य कोठेतरी घालवावे लागले. त्यांच्या मुक्कामांची नावे एका ओळीत मांडली, तर ती एखाद्या तीर्थयात्रेच्या पोथीसारखी दिसतात: गंगापूर, आनंदवल्ली, कोपरगाव, काशी, चित्रकूट, ब्रह्मावर्त. मला वाटते, या भाविक यादीच्या आड एक अत्यंत व्यवहारी हिशेब दडलेला आहे, आणि त्या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा पुण्यापासूनच्या अंतराचा आहे.

प्रारंभ नाशिकपासून करावा लागतो. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई थोरल्या माधवरावांशी न पटल्यामुळे पुणे सोडून नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. याच गोदाकाठी, गंगापूर आणि नाशिक यांच्या दरम्यान, चौंधस नावाचे खेडे होते. तेथे रघुनाथरावांनी वाडा बांधला, आणि आनंदीबाईंच्या नावावरून त्या खेड्याचे आनंदवल्ली झाले. एकमेकींचे तोंड पाहू नये असा वैरभाव ज्यांच्यात पुढे निर्माण झाला, त्या दोन्ही घरांनी विश्रांतीसाठी निवडलेली ठिकाणे एकाच नदीच्या एकाच काठावर, हाकेच्या नव्हे तरी सकाळच्या रपेटीच्या अंतरावर असावीत, हा इतिहासाचा एक मिस्कील योग म्हणायचा.

नाशिकच का? कारण नाशिक सर्व कसोट्यांना उतरते. गोदावरी आहे, रामाचे क्षेत्र आहे, त्र्यंबकेश्वर जवळ आहे, विद्वान ब्राह्मणांची वस्ती आहे, हवा निरोगी आहे, आणि भाषा, आहार, सोयरीक यांपैकी काहीही बदलावे लागत नाही. तीर्थाचे पुण्य मिळते आणि देशही सुटत नाही. गोपिकाबाईंनी याचा लाभ पुरेपूर घेतला. त्या राजकारणातून निवृत्त झाल्या असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु नातू सवाई माधवराव गादीवर असताना त्याने दिवस कसा घालवावा, कसे वागावे, याविषयीचा त्यांचा पत्ररूप उपदेश प्रसिद्ध आहे. तो वाचणाऱ्याला निवृत्ती या शब्दाचा पुनर्विचार करावासा वाटेल.

आणि नेमकी हीच नाशिकची उणीवही होती. ज्याला मनापासून निवृत्त व्हायचे नाही, त्याला नाशिक फारच सोयीचे. रघुनाथराव स्नानसंध्येत मन रमवण्याची भाषा करीत आनंदवल्लीस राहिले, आणि माणसे जमवीत राहिले. १७६८ साली जूनमध्ये माधवरावांना चाल करून यावे लागले. धोडप किल्ल्याशी लढाई झाली, रघुनाथराव पराभूत झाले, आणि त्यांची रवानगी शनिवारवाड्यात कैदी म्हणून झाली. धोडप नाशिकच्या उत्तरेस, थोड्याच मजलांवर आहे. ज्या गोदाकाठी जप चालला होता, त्याच्या इतक्या जवळ फौज उभी राहू शकते, हे पुणेकर कारभाऱ्यांना त्या दिवशी कळले, आणि पुढे ते कोणीच विसरले नाही. इंग्रज तर मुळीच विसरले नाहीत.

यानंतरचा टप्पा सालबाईच्या तहाचा. मे १७८२ मध्ये हा तह झाला. इंग्रज आणि पुणे दरबार यांच्यातील युद्ध संपवणारा करार म्हणून तो आपण शिकतो आणि शिकवतो. पण त्यात एक कलम असे आहे की, ते एखाद्या सेवानिवृत्ताच्या कागदपत्रांत शोभावे. रघुनाथरावांनी चार महिन्यांच्या मुदतीत आपल्या राहण्याचे ठिकाण निश्चित करावे. त्यानंतर इंग्रज त्यांना आश्रय देणार नाहीत की पैसा देणार नाहीत. त्यांनी आपखुशीने महादजी शिंद्यांकडे जाऊन शांतपणे राहायचे ठरवले, तर दरमहा पंचवीस हजार रुपये मिळतील. म्हणजे वर्षाला तीन लाख. ‘आपखुशीने’ आणि ‘शांतपणे’ हे दोन शब्द त्या कलमाचा सारा भार वाहतात. जागा निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, पण तनखा मात्र एकाच निवडीशी बांधलेला आहे. अखेर तडजोड झाली आणि रघुनाथराव गोदाकाठच्या कोपरगावी राहिले. नदी तीच, पण नाशिक नव्हे. हा विश्राम त्यांना फार काळ लाभला नाही. डिसेंबर १७८३ मध्ये ते वारले. चिमाजीअप्पांचा जन्म त्यानंतरचा. आनंदीबाई, दत्तक अमृतराव, आणि ज्यांचा जन्म पित्याच्या वणवणीत धार येथे झाला होता ते बाजीराव, हे सारे कुटुंब पहाऱ्यातच राहिले. आधी कोपरगावी, पुढे आनंदवल्लीस. दुसऱ्या बाजीरावांच्या स्वभावाची मीमांसा करताना आपले लेखक त्यांच्या भित्रेपणावर आणि संशयीपणावर पानेच्या पाने खर्च करतात. ज्याचे बालपण दुसऱ्याच्या सक्तीच्या निवृत्तीत गेले, त्याला निवृत्तीचे गाव म्हणजे काय हे सत्तेच्या आधीच ठाऊक होते, ही गोष्ट मात्र क्वचित लक्षात घेतली जाते.

येथे एका शब्दाची चर्चा आवश्यक आहे. धर्मशास्त्रात ‘क्षेत्रसंन्यास’ नावाचा एक नियम आहे. काशीसारख्या क्षेत्री जाऊन, यापुढे या क्षेत्राची सीमा ओलांडणार नाही, असा संकल्प करायचा आणि मरेपर्यंत तो पाळायचा. काशीच्या बाबतीत ही सीमा पंचक्रोशीची. संकल्प करणारा स्वतःच स्वतःला बंदी घालतो आणि त्यातून मोक्षाची आशा धरतो. आता हाच आकार बाहेरून लादला, संकल्पाच्या जागी करार आणि पंचक्रोशीच्या जागी छावणीचा पहारा ठेवला, तर जे उरते त्याला नजरकैद म्हणतात. दोहोंत बाह्यतः फरक फार थोडा आहे. राहायचे तेथेच, स्नान तेच, दानधर्म तोच. म्हणूनच पदच्युत राजपुरुषाला तीर्थक्षेत्री पाठवणे इतके सोयीचे ठरले. पाठवणाऱ्याला बंदोबस्त मिळतो, जाणाऱ्याला प्रतिष्ठा राखता येते, आणि प्रजेला सांगायला एक सभ्य वाक्य मिळते. यात केवळ दंभ होता असे मात्र मला म्हणवत नाही. ज्या माणसाचे राज्य गेले आहे, त्याला गंगेचे खरेखुरे सांत्वन वाटले असेल, हे नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

३ जून १८१८ रोजी बाजीराव असीरगडाजवळ सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. अटी थोडक्यात अशा: स्वतःचा आणि वंशजांचा राज्यावरील हक्क कायमचा सोडायचा, दख्खनेत पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, काशीस, अथवा त्यांच्या विनंतीवरून गव्हर्नर जनरल ठरवील अशा हिंदुस्थानातील अन्य पवित्र स्थळी राहायचे, आणि वर्षाला आठ लाखांहून कमी नाही इतका तनखा घ्यायचा. ‘हिंदुस्थान’ म्हणजे त्या काळच्या अर्थाने नर्मदेपलीकडचा उत्तर प्रदेश. अटींच्या या मांडणीत माल्कमचे मराठी मनाचे ज्ञान दिसते. पवित्र स्थळ द्या, पण नाशिक नको, वाई नको, पंढरपूर नको. पावित्र्य पाहिजे तेवढे, फक्त नर्मदेच्या पलीकडे. धोडपचा धडा असा पन्नास वर्षांनी तहाच्या कलमात उतरला.

या आठ लाखांवरून माल्कमवर त्याच्याच लोकांनी टीका केली. त्याला ही रक्कम महाग वाटत नव्हती. लढाई लांबवण्याचा खर्च त्याहून अधिक, हा त्याचा हिशेब. शिवाय बाजीरावांचे वय तेव्हा त्रेचाळीस. ते आणखी बत्तीस वर्षे जगतील आणि एकंदर अडीच कोटींहून अधिक रुपये घेतील, असे कोणाच्या स्वप्नातही नसावे. तनखा देणाऱ्याने दीर्घायुष्याचा अंदाज चुकवण्याचे हे आपल्याकडील आरंभीचे ठळक उदाहरण समजायला हरकत नाही.

प्रत्यक्षात काशी ठरली नाही. तेथे आधीच मराठ्यांची गर्दी होती. १८०३ मध्ये इंग्रजांशी समेट करून वर्षाला सात लाखांचा तनखा पत्करलेले अमृतराव काशी आणि चित्रकूटजवळची कर्वी येथे स्थिरावले होते. चिमाजीअप्पाही काशीलाच गेले. काशी हे पुण्याहून दूर असले तरी एकाकी नव्हते. दक्षिणी पंडितांची घराणी तेथे शतकांपासून नांदत होती, साऱ्या भारतातून यात्रेकरू येत-जात होते, आणि यात्रेकरूंबरोबर बातम्याही. बंदोबस्त ठेवणाऱ्याच्या दृष्टीने इतके गजबजलेले क्षेत्र गैरसोयीचेच. अखेर कानपुराच्या वरच्या अंगाला, गंगेच्या उजव्या तीरावरचे बिठूर, म्हणजेच ब्रह्मावर्त, निश्चित झाले आणि १८१९ पासून बाजीरावांचा मुक्काम तेथे पडला.

ब्रह्मावर्ताचे गुणदोष तागडीत टाकून पाहण्यासारखे आहेत. ब्रह्मदेवाने येथे यज्ञ केला अशी श्रद्धा आहे, घाटावर त्याची खूण दाखवतात, वाल्मीकींचा आश्रम आणि लवकुशांचा जन्म याच परिसरात सांगतात. गंगा दाराशी आहे. गाव लहान, त्यामुळे श्रीमंत तेथे खऱ्या अर्थाने श्रीमंत होऊन राहू शकत होते. काशीत ते अनेकांतले एक झाले असते. ही बाजू क्षुल्लक नव्हे. निवृत्त माणसाला पैशाहून अधिक आपल्या नमस्काराला प्रतिनमस्कार करणारी माणसे लागतात. दुसऱ्या पारड्यात कानपूरची छावणी: गंगेच्या त्याच काठावर काही कोसांवर, कंपनीच्या मोठ्या लष्करी ठाण्यांपैकी एक. बाजीरावांच्या दारी कंपनीचा कमिशनर कायम बसलेला. आणि हवा! सह्याद्रीच्या पूर्वेच्या उतारावर वाढलेल्या माणसाला गंगायमुनेच्या दुआबातील जेठ महिना म्हणजे काय, हे ज्याने तेथील लू अनुभवली आहे त्यालाच कळेल.

पण यापैकी एकही गोष्ट मला निर्णायक वाटत नाही. निर्णायक गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याकडे आपल्या इतिहासलेखनाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. बाजीराव एकटे गेले नाहीत. त्यांच्यामागून आश्रित, भिक्षुक, कारकून, शागीर्द, आचारी, वैद्य, पुराणिक, त्यांच्या बायकामुलांसह हजारोंच्या संख्येने ब्रह्मावर्तास गेले. एका माणसाच्या निवृत्तीभोवती एक संपूर्ण गाव वसले, आणि ते मराठी गाव होते. तेथे लग्ने लागली (खुद्द श्रीमंतांचीही, एकाहून अधिक), मुंजी झाल्या, चुलीवर देशावरचा स्वयंपाक रांधला गेला. १८२७ मध्ये बाजीरावांनी धोंडोपंतांना दत्तक घेतले. त्यांचे जन्मदाते कर्जतजवळच्या वेणगावचे भट. येवल्याचे पांडुरंगराव तेथे होते. त्यांचा मुलगा तात्या टोपे. चिमाजीअप्पांच्या पदरी काशीस असलेले मोरोपंत तांबे अप्पांच्या मृत्यूनंतर ब्रह्मावर्तास आले, आणि त्यांची काशीत जन्मलेली मुलगी मनकर्णिका या वाड्यात वाढली. म्हणजे ज्या तिघांची नावे १८५७ च्या इतिहासात ठळक अक्षरांत येतात, ते तिघेही एका निवृत्तिवेतनावर चाललेल्या वसाहतीची मुले होत.

या वसाहतीचा पाया काय होता? एका व्यक्तीचे आयुष्य. तनखा बाजीरावांना होता, घराण्याला नव्हता, हा कंपनीचा अर्थ. मूळ करारात तसे स्पष्ट नाही, हा नानासाहेबांचा अर्थ. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारले आणि त्याच क्षणी त्या गावाच्या पायाखालची जमीन सरकली. लॉर्ड डलहौसीने तनखा पुढे चालवण्यास नकार दिला. नानासाहेबांनी अर्ज केले. अजीमुल्ला खानाला लंडनला पाठवले. काही उपयोग झाला नाही. बत्तीस वर्षांत तेथे जन्मलेल्या, वाढलेल्या, आणि पुणे कधी न पाहिलेल्या पिढीने जावे कोठे? दख्खनेत त्यांचे काही उरले नव्हते, आणि ब्रह्मावर्तात उत्पन्न उरले नव्हते. जागा निवडताना नदी, देऊळ, हवा, अंतर या साऱ्यांचा विचार झाला. आपल्या पश्चात या माणसांचे काय, याचा विचार ज्या एका कलमात व्हायला हवा होता, ते कलम बाजीरावांनी लिहून घेतले नाही. त्यांच्यावर पळपुटेपणाचा आरोप करणे सोपे झाले आहे, इतके की तो आता म्हणीसारखा वापरला जातो. मला त्यांचा हा दोष त्याहून मोठा वाटतो.

याच्या शेजारी दोन-तीन उदाहरणे ठेवल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह १८३९ मध्ये पदच्युत झाले. त्यांना निवड अशी नव्हतीच. काशीस रवानगी झाली आणि १८४७ मध्ये ते तेथेच वारले. त्यांच्या वतीने रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडत राहिले. नागपूरचे अप्पासाहेब भोसले यांनी उलट मार्ग धरला. १८१८ मध्ये इंग्रज त्यांना अलाहाबादेकडे नेत असता ते वाटेतच निसटले, रानोमाळ हिंडले, आणि अखेर जोधपुरास महामंदिराच्या आश्रयाने राहिले. १८४० मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. तनखा नाही, इतमाम नाही. परंतु जागा मात्र स्वतः शोधलेली.

सर्वांत मनोवेधक उदाहरण बायजाबाई शिंद्यांचे. दौलतरावांच्या मृत्यूनंतर १८२७ पासून त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. १८३३ मध्ये जनकोजीरावांच्या बाजूने झालेल्या उठावात त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. आग्रा, फतेगड असे मुक्काम करीत त्या बराच काळ तंबूंतच राहिल्या. कंपनी सरकारची इच्छा त्यांनी काशीस जावे किंवा दख्खनेत जावे अशी होती. आता गंमत अशी की, काशीशी बायजाबाईंचे नाते जुने. ज्ञानवापीजवळचा स्तंभमंडप त्यांनी १८२८ मध्ये बांधवला. गंगेवरचा शिंदे घाट त्यांच्याच नावावर आहे. ज्या क्षेत्री एवढे दगड रचले, तेथे राहायला जाण्याची वेळ आली तेव्हा मात्र त्या टाळाटाळ करीत राहिल्या. कारण उघड आहे. घाट बांधणारी राणी आणि घाटावर राहायला पाठवलेली राणी या दोन वेगळ्या बायका असतात. ग्वाल्हेरपासून दूर जाणे म्हणजे हक्क सोडणे, हे त्या जाणून होत्या. या काळात त्यांना भेटलेल्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईचे प्रवासवर्णन १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांच्या छावणीचे जिवंत चित्रण आहे: दरबारचा थाट, घोड्यांचे वेड, इंग्रज स्त्रियांच्या एकांगी बैठकीला हसणाऱ्या मराठा स्त्रिया, आणि त्या साऱ्यावर उद्या कोठे जावे लागेल या अनिश्चितीचे सावट. पुढे बायजाबाई नाशिकला येऊन राहिल्या. म्हणजे गोपिकाबाईंनी निवडलेल्या त्याच गोदाकाठी. पण त्यांनी तेथे देह ठेवला नाही. जनकोजीरावांच्या मृत्यूनंतर दिवस पालटले, त्या पुन्हा उत्तरेकडे वळल्या, उज्जैनला राहिल्या, आणि १८६३ मध्ये वारल्या त्या स्वतःच्या राज्यात. या साऱ्या मालिकेत आपल्या मनासारख्या गावी परत पोचलेली व्यक्ती मला ही एकच दिसते.

ब्रह्मावर्ताचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. जुलै १८५७ मध्ये हॅवलॉकच्या सैन्याने वाडा जाळला. डिसेंबरमध्ये होप ग्रँटच्या तुकडीने वाड्यातील विहीर उपसून त्यातला खजिना काढला. अमृतरावांच्या कर्वीच्या घराण्याचीही संपत्ती जप्त झाली. एका शतकाचा तीर्थवास असा संपला.

मराठीच्या विद्यार्थ्यांना हा काळ भेटतो तो बहुधा विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मधून. बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आणि दानधर्म मोठा होणार, ही वार्ता ऐकून पेणजवळच्या वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला. निवृत्त श्रीमंतांच्या औदार्यावर कोकणातली किती घरे आशा लावून बसली होती, याचा याहून बोलका पुरावा कोणता? वर्गात आपण झाशीचा वेढा शिकवतो, लूट शिकवतो, राणीचे दर्शन शिकवतो. शेवटाकडे मात्र घाईने जातो. मिळवलेले बहुतेक सारे वाटेत लुबाडले गेलेले, असा हा माणूस परतताना गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन पायी कोकणात येतो, आणि वरसईस आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो. त्यांनी काशी पाहिली नाही. घर सोडले नाही.